हजार बेटांची शहानिशा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्याकडे 'पाचामुखी परमेश्वर' अशी म्हण आहे. पाच जण एकच गोष्ट सांगू लागले, की ती खरी मानावी, असा तिचा रोख. गावच्या न्यायनिवाड्यात ती चालत असेल. पण पाचही जणांनी ती गोष्ट एकाच माणसाकडून ऐकलेली असेल तर? मग तोंडं पाच असली तरी साक्ष एकाचीच राहते. आज मी तुम्हाला अशा एका प्रदेशाबद्दल सांगणार आहे, जिथे दरवर्षी हजारो लोक होडीतून हिंडतात, माहिती ऐकतात, फोटो काढतात आणि ती माहिती घरोघरी पोहोचवतात. त्या माहितीतलं खरं किती, हे तपासायला गेलं की मोठी मौज येते, आणि थोडं गंभीरही व्हायला होतं.

हा प्रदेश म्हणजे उत्तर अमेरिकेतला 'थाउजंड आयलंड्स', म्हणजे सहस्रद्वीपांचा प्रदेश. ओंटारिओ सरोवरातून सेंट लॉरेन्स नदी बाहेर पडते, तिथेच या बेटांना सुरुवात होते. नदीचा उत्तर तीर कॅनडाचा, दक्षिण तीर अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्याचा आणि मधल्या पाण्यात ही बेटं विखुरलेली. काही बेटांवर गावं वसली आहेत, काहींवर एखादंच घर आहे, तर काहींवर एखाद्या पाइन वृक्षाखेरीज काही नाही. उत्तरेकडच्या प्राचीन कठीण खडकाचा एक पट्टा इथे नदी ओलांडून दक्षिणेच्या डोंगरांकडे जातो. हिमयुगातल्या बर्फाने तो खडक घासून काढला. पुढे पाणी आलं तेव्हा उंचवटे तेवढे वर राहिले. तीच ही बेटं.

टोरांटोत किंवा न्यूजर्सीत स्थायिक झालेली मराठी मुलं उन्हाळ्यात आईवडिलांना बोलावतात, तेव्हा नायगाऱ्याच्या जोडीने पुष्कळदा ही सहलही होते. पण या जागेचं नाव आपल्याकडे त्याही आधी, दुसऱ्याच वाटेने आलेलं आहे. १८९५ सालच्या उन्हाळ्यात स्वामी विवेकानंद इथल्या एका बेटावर सुमारे सात आठवडे राहिले होते. 'थाउजंड आयलंड पार्क' या वसाहतीतल्या एका शिष्येच्या घरात मोजक्या जिज्ञासूंपुढे ते रोज बोलत. एका शिष्येने त्याची टिपणं ठेवली आणि १९०८ साली त्यांचं पुस्तक निघालं. विवेकानंदांचं चरित्र वाचलेल्या माणसाला म्हणून हे नाव परकं वाटत नाही.

आता शहानिशेकडे वळू. पहिला प्रश्न साधा आहे. बेटं खरोखर हजार आहेत का?

'हजार' या शब्दाचा आपल्याला अनुभव आहे. सूर्याला आपण सहस्ररश्मी म्हणतो, ते किरण मोजून नव्हे. 'तुझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत' असं म्हणणाऱ्यानेही छप्पन्नाची यादी केलेली नसते. इथलं 'हजार' तसंच आहे. प्रवाशांना मात्र नेमका आकडा सांगितला जातो, १,८६४. नेमका आकडा ऐकला की माणूस निःशंक होतो. 'सुमारे दोन हजार' म्हटलं तर आपण विचारू, कशावरून? '१,८६४' म्हटलं की गप्प बसतो. खरं तर तिथेच विचारायला हवं की, बेट म्हणायचं कशाला?

या प्रश्नाचं उत्तर सांगणाऱ्यागणिक बदलतं. वर्षभर पाण्याच्या वर राहिलं पाहिजे, याबद्दल सगळ्यांचं एकमत. त्यावर एक जिवंत झाड हवं, असं कुणी म्हणतं. कुणी दोन झाडं मागतं. कुणी निदान एक चौरस फूट जमीन हवी अशी अट घालतं. एका झाडाची अट दोन झाडांची केली, की कितीतरी बेटं यादीतून गळणार. वादळात एखादं झाड पडलं, तर त्या बेटाचं बेटपण गेलं म्हणायचं का?

पाण्याची पातळी ही आणखी एक अडचण. खाली, कॉर्नवॉल आणि मसीना या गावांच्या दरम्यान १९५८ साली धरण झालं. तेव्हापासून इथली पातळी पाऊस आणि बर्फ यांच्याबरोबर माणसाच्या हातातही आहे. २०१७ आणि २०१९ साली ओंटारिओ सरोवराची पातळी इतकी चढली, की बेटांवरचे धक्के पाण्याखाली गेले. आकडा खोटा आहे, असं माझं म्हणणं नाही. कुठल्या व्याख्येने आणि कुठल्या पातळीला मोजलं, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही, एवढंच. 'दोन हजारांच्या आतबाहेर' असं म्हणणारा माणूस कमी हुशार दिसतो, पण तोच जास्त प्रामाणिक असतो.

दुसरी गोष्ट सर्वांत लोकप्रिय आहे. झाविकॉन नावाचं एक बेट आहे. त्यावर टुमदार घर, शेजारी एक चिमुकलं बेट आणि दोन्हींना जोडणारा जेमतेम दहा-बारा पावलांचा लाकडी पूल. पुलावर दोन्ही देशांचे झेंडे. होडीवरचा मार्गदर्शक सांगतो, 'मोठं बेट कॅनडात, छोटं अमेरिकेत. जगातला सर्वांत लहान आंतरराष्ट्रीय पूल तो हाच.' घरमालक स्वयंपाकघरातून निघून परसदारी परदेशात जातो, ही कल्पनाच इतकी गोड आहे, की कॅमेरे आपोआप वर होतात. या पुलाची चित्रं पोस्टकार्डावर छापली गेली, पुढे ई-मेलवरून जगभर फिरली.

ही गोष्ट खरी नाही. दोन्ही बेटं कॅनडातच आहेत. सीमारेषा त्या दोन्हींच्या दक्षिणेकडून जाते. नौकानयनाचा कुठलाही अधिकृत नकाशा उघडला तर हे पाच मिनिटांत दिसतं. पण नकाशा उघडायचा कुणी? समोर झेंडे दिसत असताना नकाशा कशाला, असंच माणसाला वाटतं.

खरं तर नकाशा न पाहताही थोडी शंका यायला हरकत नव्हती. त्यासाठी ही सीमा ठरली कशी, एवढं ठाऊक हवं. १७८३च्या पॅरिस करारात अमेरिका स्वतंत्र झाली, तेव्हा सीमा नदीच्या मध्यातून जाईल असं लिहिलं गेलं. कागदावर हे सोपं होतं. पण जिथे पाण्याचे दोन डझन फाटे बेटांमधून वळसे घेतात, तिथे नदीचा मध्य कुठला? हा घोळ तीसएक वर्षं तसाच राहिला. मधल्या काळात १८१२चं युद्ध झालं. १८१४च्या गेंटच्या करारात मग ठरलं, की दोन्ही बाजूंनी एकेक आयुक्त नेमावा आणि कुठलं बेट कुणाचं, हे त्यांनी ठरवावं. अमेरिकेकडून पीटर पोर्टर आले, ब्रिटिशांकडून जॉन ओगिल्व्ही. मोजणीदार वर्षानुवर्षं होड्यांतून, दलदलीतून हिंडले. तापाच्या साथीने माणसं आजारी पडली. १८१९ साली खुद्द ओगिल्व्हीच दगावले आणि त्यांच्या जागी अँथनी बार्कले आले. शेवटी १८ जून १८२२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी दोघांनी निर्णयावर सह्या केल्या.

या आयुक्तांनी एक शहाणपणाचं तत्त्व पाळलं. रेषा कुठल्याही बेटाला कापून जाणार नाही. बेट आलं की रेषेने वळसा घ्यायचा आणि अख्खं बेट एका देशाला द्यायचं. वुल्फ, हाउ आणि हिल ही बेटं अशी ब्रिटिशांकडे, म्हणजे आजच्या कॅनडाकडे गेली. कार्लटन, ग्राइंडस्टोन आणि वेलस्ली अमेरिकेला मिळाली. १९०८च्या करारानंतर हीच रेषा सरळ तुकड्यांनी नव्याने आखली गेली आणि तिची वळणं किनाऱ्यावरच्या खुणांवरून मोजून नोंदवली गेली. म्हणून आज पाण्यावर काही दिसत नसलं, तरी रेषा नेमकी कुठे आहे याबद्दल संदिग्धता नाही.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. या प्रदेशात एक खराखुरा लहान आंतरराष्ट्रीय पूल आहे, पण त्याचा फोटो सहसा कुणी काढत नाही. १८ ऑगस्ट १९३८ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट आणि कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी थाउजंड आयलंड्स पुलाचं उद्घाटन केलं. हा एक पूल नसून पुलांची आणि रस्त्यांची तेरा-चौदा किलोमीटरांची साखळी आहे. अमेरिकेचं वेलस्ली बेट आणि कॅनडाचं हिल बेट यांच्यामध्ये एक अरुंद चिरेसारखा प्रवाह आहे. त्यावरचा पूल जेमतेम ९० फुटांचा. सीमा ओलांडणारा पूल तो हा. त्यावरून मालमोटारी धडधडत जातात, आपण सीमा ओलांडली हे मोटारीत डुलकी लागलेल्याला कळतही नाही. 'जगातला सर्वांत लहान' हा मान मात्र यालाही देता येणार नाही. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या सीमेवर एल मार्को गावी ओढ्यावर जो लाकडी पूल आहे, तो सहा मीटरांच्या आसपास आहे. खोट्या पुलाच्या कौतुकात खरा पूल झाकला जावा, असं बहुतेक ऐकीव गोष्टींच्या बाबतीत घडतं.

तिसरी गोष्ट हार्ट बेटावरच्या वाड्याची. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलचे चालक जॉर्ज बोल्ट यांनी पत्नी लुईझ हिच्यासाठी इथे १२० खोल्यांचा वाडा बांधायला घेतला. जानेवारी १९०४मध्ये ती वारली. बोल्ट यांनी काम थांबवलं. तो अर्धवट वाडा ७३ वर्षं ऊनपाऊस खात उभा राहिला. १९७७ साली पुलाची व्यवस्था पाहणाऱ्या प्राधिकरणाने तो नाममात्र एका डॉलरला घेतला आणि दुरुस्ती सुरू केली. हे सगळं नोंदलेलं आहे, खरं आहे. बेटाच्या नावाचं काय? 'हार्ट' म्हणजे हृदय, म्हणून हे प्रेमाचं बेट, असं सांगतात. पण बोल्ट यांच्या आधी ते हार्ट नावाच्या गृहस्थांचं होतं आणि त्यांच्या आडनावात एक अक्षर कमी होतं. बोल्ट यांच्या काळात स्पेलिंग बदललं आणि आडनावाचं हृदय झालं. आपल्याकडे गावांच्या नावांच्या व्युत्पत्ती अशाच मागाहून जन्माला येतात.

याच बोल्ट यांच्या नावावर एक चटणीही जमा आहे. मुंबई-पुण्याच्या सँडविचवाल्यांकडेही 'थाउजंड आयलंड' नावाचं गुलाबीसर मिश्रण मिळतं, ते मूळचं इथलं. एका कथेनुसार ते बोल्ट यांच्या नौकेवर त्यांच्या हॉटेलातल्या ऑस्कर चर्की यांनी ऐनवेळी तयार केलं. दुसऱ्या कथेनुसार क्लेटन गावात मासेमारीच्या वाटाड्याची बायको सोफिया लालोंड हे कालवण करायची, ते अभिनेत्री मे अर्विन हिला आवडलं आणि तिच्याकडून ते पसरलं. दोन्ही कथा छान आहेत. पण दोन्ही पुष्कळ काळानंतरच्या आठवणींवर उभ्या आहेत. अशा वेळी 'असं सांगतात' हे दोन शब्द जोडले, की आपलं काम झालं. कथा मारायची गरज नाही. तिला तिच्या जागी बसवलं म्हणजे पुरे.

श्रोतेहो, इथवर ऐकून कुणी म्हणेल, झेंडा इकडे की तिकडे, चटणी याची की तिची, यानं कुणाचं काय बिघडतं? चटणीने काही बिघडत नाही. सीमेने मात्र बिघडतं.

१८३८ सालची गोष्ट. कॅनडातलं बंड मोडलं गेलं होतं आणि बंडवाले सीमेवर दबा धरून होते. त्यांच्यातल्या बिल जॉन्स्टन नावाच्या माणसाने मे महिन्याच्या अखेरीस वेलस्ली बेटाला लागलेली 'सर रॉबर्ट पील' ही ब्रिटिश आगबोट लुटून जाळली. मग त्याने जाहीरनामा काढला. आपलं ठाणं अमेरिकेच्या हद्दीबाहेरच्या बेटावर आहे, असं त्यात आवर्जून लिहिलं. बेट कुणाचं, यावर त्याला पकडणार कोण आणि खटला चालणार कुठे, हे ठरणार होतं. दोन राष्ट्रांमध्ये युद्धाची भाषा सुरू झाली होती. शेवटी निभावलं. पुढे हाच जॉन्स्टन १८५३ साली याच भागातल्या रॉक आयलंड दीपगृहाचा रखवालदार झाला, हे इतिहासाचं खट्याळपण.

अलीकडचं उदाहरण २०११चं आहे. एक अमेरिकी मच्छीमार गानानोक्वेजवळ होडी पाण्यावर सोडून गळ टाकत होता. कॅनडाच्या अधिकाऱ्यांनी त्याला हटकलं. तू आमच्या हद्दीत आलास आणि वर्दी दिली नाहीस, म्हणून हजार डॉलर दंड. ना तो किनाऱ्याला लागला होता, ना त्याने नांगर टाकला होता. प्रकरण गाजलं. २०१७ साली कॅनडाने कायदा बदलला. न थांबता, न उतरता जाणाऱ्या होड्यांना दर वेळी वर्दी देण्याची सक्ती उरली नाही.

आपल्या माणसांच्या दृष्टीने यातली एक बाब फार महत्त्वाची आहे. हार्ट बेट अमेरिकेत आहे. कॅनडाच्या किनाऱ्यावरून निघालेल्या होडीतून त्या बेटावर पाय ठेवणं म्हणजे अमेरिकेत प्रवेश करणं, आणि तिथे तपासणी होते. कॅनडात कायम वास्तव्याचा परवाना असला, तरी भारतीय पासपोर्टवाल्याला अमेरिकेचा व्हिसा लागतो. होडीतूनच वाडा पाहायचा असेल तर प्रश्न नाही. उतरायचं असेल तर आहे. विवेकानंद ज्या घरात राहिले ते घरही वेलस्ली बेटावर, म्हणजे अमेरिकेतच आहे. 'इथे सगळं दोन्ही देशांचं, झेंडेसुद्धा दोन्ही लावलेत' अशा समजुतीने आईवडिलांना घेऊन निघालेल्याची धक्क्यावर पंचाईत होऊ शकते.

नदीतल्या बेटाबद्दलची तथ्यं तपासण्याचं काम कधीकधी थेट न्यायालयापर्यंत जातं. आफ्रिकेत बोटस्वाना आणि नामिबिया यांच्यामध्ये चोबे नदीत सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरचं एक बेट आहे. बोटस्वानात त्याला सेडुडू म्हणतात, नामिबियात कासिकिली. मार्चच्या सुमारास पूर आला, की काही महिने ते पाण्याखालीच असतं. १८९०च्या ब्रिटिश-जर्मन करारात सीमा 'मुख्य प्रवाहाच्या' मध्यातून जाईल असं लिहिलं होतं. बेटाच्या दोन बाजूंना दोन प्रवाह. मुख्य कुठला? हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोन्ही प्रवाहांची खोली, रुंदी आणि त्यातून वाहणारं पाणी यांचा पुरावा तपासला. १३ डिसेंबर १९९९ रोजी अकरा विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की उत्तरेकडचा प्रवाह मुख्य, म्हणून बेट बोटस्वानाचं. त्याचबरोबर दोन्ही बाजूंच्या होड्यांना दोन्ही प्रवाहांतून मोकळी वाट ठेवली. दोन्ही देशांनी निकाल मानला. जिथे बंदुका निघाल्या असत्या, तिथे पाण्याची खोली मोजण्यावर भागलं.

आपल्या घरचंही उदाहरण आहे. १९७०च्या चक्रीवादळानंतर हरियाभांगा नदीच्या मुखाशी एक बेट वर आलं. आपण त्याला न्यू मूर किंवा पूर्वाशा म्हटलं, बांगलादेशाने दक्षिण तालपट्टी. त्यावरून दोन देशांत वर्षानुवर्षं ताण होता. २०१० साली जादवपूर विद्यापीठातल्या संशोधकांनी उपग्रहचित्रं पाहून सांगितलं, की ते बेट पाण्याखाली गेलं आहे. २०१४ साली लवादाने सागरी सीमेचा निकाल दिला, तोवर भांडणाचा विषयच बुडालेला होता.

म्हणून अशी एखादी माहिती कानावर आली की तीन गोष्टी विचाराव्यात. आकडा असेल तर व्याख्या कोणती? सीमा असेल तर अधिकृत नकाशा काय म्हणतो? आणि नाव असेल तर ते कधीपासूनचं आहे? हा शेवटचा प्रश्नही निकामी नाही. इथलं कॅनडाचं राष्ट्रीय उद्यान १९०४ सालचं आहे, पण त्याला 'थाउजंड आयलंड्स' हे नाव २०१३ साली मिळालं. त्याआधी ते 'सेंट लॉरेन्स आयलंड्स' होतं. जुना नकाशा हाती घेतलेल्याला दोन वेगळी उद्यानं आहेत असं वाटायचं.

शहानिशा केल्याने प्रवासाचा आनंद कमी होतो, हा गैरसमज आहे. झाविकॉनचा पूल कॅनडातला आहे हे कळल्यावरही तो तितकाच देखणा दिसतो. उलट त्याच्या दक्षिणेला, पाण्यावर कुठेही न दिसणारी ती रेषा आपल्याला दिसू लागते. ती आखताना तापाने गेलेली माणसं आठवतात. दोन शत्रूंनी समोरासमोर बसून, एकही बेट न कापता, ती कागदावर उतरवली हे आठवतं. सीमेवरच्या नद्या आपल्याही देशाला पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयी जेव्हा जेव्हा आवाज चढतील, तेव्हा नकाशा आधी उघडायचा की झेंडा आधी उभारायचा, याचं उत्तर या हजार बेटांनी देऊन ठेवलं आहे.